चूलबंद यादी

आमच्या मामांइतका यादीबाज माणूस अख्ख्या भिलाईत नाही. असलाच तर त्याचं नाव मामांच्या यादीत आहे. भाजीची यादी, औषधांची यादी, वर हरवलेल्या याद्यांची यादी! प्लांटमधून रिटायर झाल्यावर ते स्मृति नगरातल्या माझ्या पायथनच्या क्लासात पहिल्या बाकावर येऊन बसले. बाहेर मी ‘पोरी’, आत मात्र ‘म्याडम’. कोड चुकला की स्वतःहून उभे राहायचे.

मामा दर वर्षी प्लांटमधल्या आपल्या गँगच्या, म्हणजे कामाच्या टोळीच्या, जुन्या सोबत्यांना जेवायला बोलावतात. आवतन चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायचीच नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी यायचं. आपल्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, एवढाच त्यांचा अहंकार. एका वर्षी त्यांनी पाहुण्यांची यादी पायथनमध्ये केली. मी तोवर फक्त ‘अपेंड’ शिकवलं होतं, यादीत एक गोष्ट टाकायची. मामांनी एकेक घर कंसात बांधलं आणि अख्खं घरच अपेंड केलं. यादी मोजली तर कम्प्युटरनं एकेक घर एकच धरलं, उत्तर बत्तीस. झालं, स्वयंपाक्याला सांगितलं बत्तीस पानं!

आली सव्वाशे माणसं. मामी म्हणाल्या, “तुमच्या कम्प्युटरनं माणसं गिळली वाटते!” मामांचा चेहरा पाहवेना. “पोरी, आज माझी इज्जत जाते व!” मामींनी पदर खोचला, पिठल्याचं पातेलं चढवलं, भातावर भात टाकला. उपाशी कोणी गेलं नाही. शेवटी मामा-मामी एका ताटात पातेल्याची खरवड खात बसले आणि हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी मामा क्लासात उभे. “म्याडम, घर सोडवून एकेक माणूस यादीत कसा टाकाचा?”

“त्याला ‘एक्स्टेंड’ आहे.”

“मंग पैले कावून नाही सांगितलं?”

“दुसऱ्या धड्यात होतं, मामा.”

“जेवण तं पहिल्याच धड्यात झालं ना!”

तेव्हापासून आकडा कधी चुकला नाही. मागच्या दिवाळीत मामी गेल्या. यंदा मामांनी यादी केली, मीही माणसं मोजली, तर त्यांचा आकडा माझ्यापेक्षा एकानं जास्त. मी यादी वर-खाली पाहिली. पहिलंच घर मामांचं स्वतःचं, आणि त्यात दोन नावं. मी चाचरत म्हटलं, “मामा, एक नाव...”

“माहीत हाये मले. राहू दे,” ते म्हणाले. “आवतन चूलबंद हाये. आमच्या घरातून मी एकटाच कसा जेवू?”

स्वयंपाक्याला फोन मीच केला, आणि मामांचाच आकडा सांगितला.