विटांच्या भिंतीचे छत्तीस फोटो

आजारपणात आई एकदा म्हणाली, "भिंतीवर लावायला माझा एक धड फोटो काढून ठेव. पण ते यंत्र तोंडाजवळ आणू नको, कसंतरीच होतं मला."

लांबून चेहरा टिपायचा तर झूम लेन्स हवी. माझा कॅमेरा रोलचा, त्यामुळे लेन्सही जुनीच मिळणार. त्यात मी महाचिकित्सक. मेन रोडच्या दुकानात पहिल्या लेन्समध्ये टॉर्च मारला, तर आत बुरशीचे धागे. दुसरीची उजेड कमीजास्त करणारी आतली पाती तेलकट. तिसरी खाली धरली की झूमची नळी आपोआप घसरायची. दुकानदार वैतागला. "साहेब, लेन्स घ्यायचीये की सून बघायचीये?" असे दोन महिने गेले.

चौथी निर्दोष निघाली. ती घरी आणली त्या दिवशी आई केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर येऊन बसली. मी मात्र लेन्स समोरच्या विटांच्या भिंतीकडे वळवली. कडा वाकतात का, कोपरे धूसर येतात का, ते विटांवर नीट कळतं.

"आरं, त्या भिंतीचे काय फोटो काढतो? मी बसलेय ना हितं!"

"आधी तपासू दे. पुढचा अख्खा रोल तुझा."

ती थोडा वेळ बसली, मग उठून आत गेली. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो भिंतीवर घालवले. रोल धुवायला मुंबईला पाठवला. तो परत यायच्या आत आई गेली.

दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. घर पालथं घातलं तेव्हा एका लग्नाच्या घोळक्यात ती सापडली, नेमके डोळे मिटलेली. फ्लेक्सवाल्यानं तिचा चेहरा कापून भलत्याच बाईच्या काठपदराच्या साडीतल्या खांद्यांवर बसवला. "डोळे उघडे करून देतो, काळजी करू नका," म्हणाला. कुणाचे डोळे लावले ते मी विचारलं नाही. भीती वाटली.

तोच फोटो आता भिंतीवर आहे. त्याच्यासमोरून जाताना मी मान वर करत नाही. खोलीत एकटा असलो की कुणीतरी परकी बाई बघतेय असं वाटतं, आणि आईच्या घरात मला आईचीच भीती वाटावी याची लाज वाटते.

परवा मावशी आली. फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली, पदरानं डोळे पुसले.

"आगदी तिचीच नजर हाय बघ. तूच काढला आसंल ना?"

मी हो म्हणालो.