ट्रामच्या सांध्यावरचा नारळ

देवखारचा नामा कुणाला फारसा मोजणारा माणूस नव्हता. मामलेदार गावात आला आणि सगळा गाव चावडीवर लोटला, तरी हा आपला बांधावर बसून. कुणी बोलवायला गेलंच तर म्हणायचा, "त्याची कचेरी तिकडं, माजी हितं."

त्याची कचेरी म्हणजे धरमतरच्या खाडीला घातलेल्या बांधातली उघाडी. बांधाच्या एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खारं पाणी, आणि मधे दगडी खाचेत वरखाली सरकणारी जाड लाकडी फळी. भरती चढू लागली की फळी खाली सोडायची, ओहोटी लागली की दोरीने वर ओढायची, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत निघून जातं. काम एवढंच. पण ते एकदा जरी चुकलं आणि खारं पाणी आत शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड गवतही उगवत नाही. नामाच्या आजाने ही दोरी धरली, मग बापाने धरली, आणि नामाने तर अशी धरली की दुसऱ्या कुणी तिला बोट लावलेलं त्याला खपायचं नाही. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, तो उघाडीच्या दगडावर नारळ वाढवायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा पाण्यात टाकायचा. त्या दिवशी त्याची मान इतकी ताठ असायची की बायको मैना म्हणायची, "आज यांच्या वाटंला कोन जाऊ नका."

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा नामाच्या गुडघ्यांनी दगा दिला. भादव्यातल्या उधाणाला तो बांधावर पोचेपर्यंत उशीर झाला आणि खारं पाणी आत घुसलं. घुसलं तेही नेमकं सदाच्या खाचरात. सदा म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. दोघांमधे विस्तव जात नव्हता, आणि उघाडी आपल्याकडे यावी म्हणून सदा किती वर्षं टपून बसला होता हे गावाला तोंडपाठ होतं. गावकी बसली. सदा नको नको ते बोलला, नामानेही काही हातचं राखलं नाही. शेवटी गावाने निवाडा केला, की दिवाळीच्या अवसेआधी नामाच्या पोराने येऊन दोरी धरावी, नाहीतर उघाडी सदाकडे जाईल.

नामाला पोरगा एकच, धर्मा. तो मुंबईत ट्रामवर होता. ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, सांधेवाला. गणपतीला घरी आला की सांगायचा, "बाबा, मी गाड्यांना वाट दावतो." नामाला त्यात काही दम वाटायचा नाही. रूळ घातलेलेच आहेत, मग गाडीला वाट दाखवायची काय आणि पगार कसला घ्यायचा, असं त्याचं सरळ म्हणणं.

तेव्हा पोराला घेऊन यायचं, एवढं ठरवून नामा निघाला. दिवसही त्याने हिशेबाने निवडले. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरतीला जोर नसतो, फळी मैनेच्या हातानेही पडते. अवसेला उधाण येईल, त्याच्या आत बापलेक परत. तांदूळ, सुकी मासळी आणि परसातले दोन नारळ गाठोड्यात बांधून तो धरमतरच्या लाँचीत बसला आणि भाऊच्या धक्क्यावर उतरला.

गावाचा निवाडा ऐकून घेत धर्मा त्याला थेट आपल्या नाक्यावर घेऊन गेला. तिथे ट्रामचे रूळ रस्त्याच्या फरशीत बसवलेले होते, आणि एका जागी त्या रुळांना फाटा फुटला होता. हाच धर्माचा सांधा. एक वाट सरळ जायची, एक डावीकडे वळायची. फाट्याच्या तोंडाशी, रुळाच्या खाचेत, हातभर लांबीची एक टोकदार लोखंडी जीभ होती. ती अलीकडे असली की गाडी सरळ, पलीकडे सरकवली की गाडी डावीकडे.

"इतकी वरसं मी हितं छत्री लावून बसायचो," धर्मा म्हणाला. "गाडी दिसली की तिच्या कपाळावरची पाटी बघायची, आन् पहारीनं जीभ सरकवायची."

नामाचा चेहरा एकदम उजळला. त्याला सगळं एका क्षणात कळलं. "म्हंजे ही आपली फळीच की रं! तुना काय नवीन शिकायला नको. चल, उद्याच्या लाँचीनं जाऊ."

"थांबा बाबा," धर्मा हसून म्हणाला. "आता पहार लागत न्हाय. बघा तरी."

समोरून एक ट्राम आली. ती थांबली नाही, तिच्यातून कुणी उतरलं नाही, रस्त्यावर कुणी पुढे झालं नाही. धर्मा तर हात पाठीमागे बांधून उभा. आणि ट्राम अजून दहा-बारा हात लांब असतानाच ती लोखंडी जीभ आपणहून खट्कन पलीकडे सरकली. ट्राम आली, वळली आणि डावीकडच्या रस्त्याने निघूनही गेली.

नामाने आधी धर्माकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. मग तो खाली वाकला, दुखऱ्या गुडघ्यांसकट फरशीवर बसला आणि रुळाजवळ कान नेऊन म्हणाला, "खाली मानूस बसवलाय काय?"

धर्माने त्याला हाताला धरून उठवलं आणि समजावून सांगितलं. रस्त्याखाली लोखंडी पेटी आहे, पेटीत तांब्याच्या तारेची गुंडाळी. त्या तारेत वीज आली की ती लोहचुंबक होते आणि जिभेला ओढते. वर ट्रामची जी तार आहे, तिच्यावर सांध्याच्या थोडं अलीकडे एक पट्टी बसवली आहे. ट्रामच्या टपावरचा दांडा त्या पट्टीखालून जाताना ड्रायव्हरने हँडल चालू ठेवलं, गाडीने वीज ओढली, की जीभ वळणाकडे जाते. हँडल बंद ठेवून गाडी नुसती घरंगळत आणली, की जीभ सरळ वाटेला येते. ही करामत अजून याच एका नाक्यावर होती, तीही अजमावून बघण्यापुरती. धर्माचं काम आता एवढंच, की खाच झाडून साफ ठेवायची आणि यंत्र अडलंच तर पहार घालायची.

नामाला निम्मं कळलं, निम्मं नाही. त्या दुपारी तो नाक्यावरून हलला नाही. एकेक ट्राम यायची आणि हा आधीच ओळखायला बघायचा, की ही जीभ हलवील की नाही. चुकला की स्वतःच्याच मांडीवर थाप मारायचा. जेवायचंही त्याला सुचलं नाही, आणि नामाला जेवण न सुचणं ही देवखारात सांगितली तर कुणाला खरी वाटली नसती अशी गोष्ट.

संध्याकाळी धर्माच्या ओळखीचा ड्रायव्हर शिवदास गाडी घेऊन आला. त्याने नामाला आपल्याशेजारी पुढच्या फळीवर उभं करून घेतलं आणि एक फेरा मारून गाडी पुन्हा त्याच नाक्यावर आणली. सांधा जवळ आला तसा शिवदास म्हणाला, "बाबा, आता पुढं बघा." त्याने हँडल जरासं दाबून धरलं. गाडी धावतच होती, घंटा वाजत होती, माणसं बाजूला होत होती, आणि पुढे लांबवर, शिवदासचा हात जिथे कधी पोचायचा नाही तिथे, रस्त्यातली जीभ हलली. पायाखालची एवढी अवजड गाडी निमूटपणे त्या वाटेने वळली.

नामाच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर तो पाण्याच्या आधी धावत आला होता. उघाडीवर माणूस पोचला तर वाचलो, नाहीतर गेलो, हे त्याला पोटातून ठाऊक होतं. आणि इथे येणाराच येता येता आपली वाट उघडत होता. हे कुणा माणसाच्या डोक्यातून निघालं, ते माणसांच्याच हातांनी बनलं आणि आपला धर्मा त्याच्याजवळ उभा असतो, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. मामलेदारापुढे न उठलेल्या नामाने गाडीतून उतरल्यावर शिवदासला वाकून हात जोडले. शिवदास बिचारा ओशाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामा गाठोड्यातला एक नारळ घेऊनच नाक्यावर आला. धर्माने खाच झाडली, बापाला कडेला बसवलं आणि समोरच्या हॉटेलातून त्याच्यासाठी चहा आणायला गेला. कामावर असताना जागा सोडायची नसते, हे धर्माला ठाऊक होतं. पण बाप पहिल्यांदाच मुंबईला आला होता.

धर्मा पलीकडे गेलेला पाहून नामा उठला. इतकी मोठी वस्तू नुसती बघून जायचं, हे त्याच्या मनाला पटेना. तो सांध्याजवळ गेला, जिभेला हात लावून तो कपाळाला लावला आणि तिथेच रुळावर नारळ वाढवला. पाणी जिभेवर सांडलं. त्याला फार बरं वाटलं. दोन्ही वाट्या उचलून तो कडेला येऊन बसला. करवंटीची एक कपची उडून खाचेत गेली, ती काही त्याला दिसली नाही.

तेवढ्यात शिवदासची गाडी आली. तिला वळायचं होतं. जीभ सरकली, पण निम्म्यावर अडकली. पुढची चाकं धड सरळ नाहीत, धड वळणावर नाहीत. ती रूळ सोडून फरशीवर चढली आणि कर्कश घासत थांबली. आतली माणसं एकमेकांवर पडली, एका बाईची वांग्यांची टोपली रस्त्यावर सांडली. नशीब म्हणायचं, कुणाला खरचटण्यापलीकडे लागलं नाही. पण मागे एकामागोमाग ट्रामा उभ्या राहिल्या आणि नाक्यावर जत्रा जमली.

धर्मा चहाचा पेला हातात घेऊन धावत आला. खाचेत बोट घालून त्याने करवंटीची कपची बाहेर काढली. बापाकडे पाहिलं, बापाच्या हातातल्या वाट्यांकडे पाहिलं, आणि कपची मुठीत दाबून धरली.

लाइनीचे इन्स्पेक्टर दयाराम आले. हे यंत्र बसवावं म्हणून वरच्यांशी भांडलेला हाच माणूस, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरला होता. "धर्मा, एकच सांग," ते म्हणाले. "यंत्र चुकलं की माणूस? यंत्र चुकलं असलं तर संध्याकाळपर्यंत ते उखडून टाकतील. माणूस चुकला असला तर त्या माणसाला आजच घरी जावं लागेल."

"यंत्र चुकलं न्हाय साहेब," धर्मा खाली मान घालून म्हणाला. "मी जागेवर नव्हतो. खाच मी बघितली न्हाय. माजी चूक."

नामा कडेला बसून ऐकत होता. त्याला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. धर्मा घरी येणार होता. अवसेच्या आत, उधाणाच्या आत. उघाडी घरात राहणार होती आणि सदाचं तोंड कायमचं बंद होणार होतं. ज्यासाठी तो खाडी ओलांडून आला, ते आयतं त्याच्या पदरात पडत होतं.

पण धर्माने यंत्राला बोल लागू दिला नव्हता. पोटावर पाय आला तरी लागू दिला नव्हता. बांधावर नामानेही तेच केलं असतं. आपल्या पोराने काय धरलंय ते त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला बसवेना.

तो गर्दीतून पुढे आला आणि नारळाच्या दोन्ही वाट्या त्याने दयारामसाहेबांपुढे धरल्या. "सायेब, मी फोडला. त्याच्यावर. ह्याला ठावं बी नव्हतं, ह्यो माज्यासाठी च्या आनाया गेलता. घरी धाडायचा तर मना धाडा."

दयारामसाहेबांनी एकदा वाट्या पाहिल्या, एकदा धर्माची मूठ. धर्माने मूठ उघडली. "कशासाठी फोडलात आजोबा?" त्यांनी विचारलं.

"ती बिनहाताची हलते," नामा म्हणाला. "मी बघितली. आन् मंग तशीच सोडून जायाची?"

साहेबांनी धर्माच्या तळहातावरची कपची उचलून उलटसुलट पाहिली. मग त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. "आजोबा, सहा महिने सगळे हिला शिव्या देतायत," ते म्हणाले. "पाया पडलात ते तुम्ही पहिले." ते धर्माकडे वळले. "आपल्या मुलखात आज नारळ आला, दिवाळीला झेंडू येईल. म्हणजे या सांध्याजवळ माणूस हवाच, हे तर पक्कं झालं. पुन्हा जागा सोडलीस तर मात्र मी ऐकून घेणार नाही." आणि त्यांनी पहारी मागवून गाडी रुळावर घ्यायला लावली. नामाने गुडघे विसरून त्यांच्याबरोबर जोर लावला.

धक्क्यावर लाँच सुटायच्या आधी धर्मा म्हणाला, "बाबा, गप ऱ्हायला असता तर आज मी तुमच्यासंग असतो."

"ठावं हाय मना," नामा म्हणाला आणि लाँचीत चढला.

अवसेच्या दिवशी भरती चढायच्या आधी नामा सदाच्या दारात उभा राहिला. सदाला वाटलं, म्हातारा भांडायला आला. नामा त्याला घेऊन बांधावर आला, दोरी सोडली आणि त्याच्यापुढे धरली. इतकी वर्षं टपून बसलेल्या सदाचा हात काही पुढे होईना.

"धर," नामा म्हणाला. "माजा धर्मा यायचा न्हाय. त्याच्यापाशी उघाडी हाय. तू बघितली न्हायस, म्हनून तुना सांगून कळायचं न्हाय."

सदाने दोन्ही हातांनी दोरी घेतली. फळी कुठवर सोडायची, कुठे थांबायचं, पाणी कसं ऐकायचं, ते नामा त्याला सांगत राहिला, आणि भरती पुरी चढेपर्यंत दोघेही बांधावरून हलले नाहीत.