हवालदारांचा निकाल आणि विहिरीच्या काठावरच्या चपला

देवघरातले निर्माल्य रोज उचलले तरी रोज साचते. शवविच्छेदन विभागातले किस्सेही तसेच! नाशकात मी आयुष्यभर हेच काम केले: मृत्यू अपघात, आत्महत्या की खून, हे देहाला विचारायचे. आमच्या रुग्णालयाच्या पोलीस चौकीतले हवालदार गांगुर्डे मात्र देहाला कधी विचारत नसत. निकाल त्यांच्या खिशात तयार असे.

*

एकदा पांढऱ्या सदऱ्यावर लाल डाग असलेला देह आला. गांगुर्डे म्हणाले, "क्लिअर मर्डर, सर!"

आमचा मदतनीस रघुनाथ वाकून म्हणाला, "हवालदारसाहेब, हा गुलाल आहे."

अंगावर एकही जखम नव्हती. हृदय मात्र निकामी झालेले. मिरवणुकीत नाचता नाचता गृहस्थ कोसळले होते.

मी गांगुर्डेंना विचारले, "मग खुनी म्हणून कोणाला धरता? गणपतीला?"

*

रघुनाथ मलाही सोडत नसे. प्रत्येक देहाला मी आधी नमस्कार करतो. एकदा घाईत क्रम चुकला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, हात जोडा, पण ग्लोव्ह्ज घालायच्या आधी!"

*

पंचवटीतल्या एका मृताच्या खिशात चिठ्ठी सापडली. संसार पुरे झाला, देवा, आता मला ने, असा मजकूर होता.

"सुसाइड नोट, सर!"

मी चिठ्ठी उलटून दाखवली. मागे त्या अभंगात टाळ कुठे वाजवायचा त्याच्या खुणा होत्या. पायांवर बंपरच्या उंचीला जखमा, पाठीवर टायरचा ठसा. भजनाला निघालेल्या गृहस्थांना वाटेत गाडीने उडवले होते.

"गांगुर्डे, या हिशेबाने आमचे अख्खे भजनी मंडळ तुमच्या डायरीत जाईल!"

*

आणि मग कळवणकडच्या त्या वृद्धा. देह विहिरीत सापडला होता. बाहेर लेक सुनेवर ओरडत होती, "हिच्याच जाचानं आईनं जीव दिला!" सून भिंतीला टेकून उभी.

गांगुर्डेंनी मोबाइलवर फोटो दाखवला. काठावर चपला जुळवून ठेवलेल्या. "उडी मारणारा माणूसच चपला अशा काढतो, सर. सून अडकणार!"

मी सुनेला विचारले, "सासूबाई विहिरीवर कशाला गेल्या होत्या?"

"देवाचं पाणी काढाया. त्या पाण्याला चप्पल चालायची नाय त्यांना. मला रोज बोलायच्या."

तिच्या शब्दावर मी निकाल देणार नव्हतो. आत येऊन वृद्धेची घट्ट मिटलेली मूठ उघडली. मुठीत काठावरचे गवत मुळासकट आले होते. दोन नखे तुटलेली. तळव्यावर दोराचा ताजा ओरखडा. जगण्यासाठी माणूस असेच धरतो.

'अपघात' असे मी लेकीला आणि सुनेला आत बोलावून सांगितले.  लेक पिशवीतून गंगेचा गडू काढून आईच्या मुखात पाणी घालायला पुढे झाली.

तोच मागून सुनेचा आवाज आला, "वन्सं, चपला काढा आधी. सासूबाईंना नाय चालायचं."

लेकीने चपला काढल्या. दाराशी हवालदार गांगुर्डे खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.