मिसबिहेव्ह म्हणजे नक्की काय केलं?

२००३ साली शिरूरला आमच्या घरात एका इंग्रजी शब्दाने आठवडाभर धुमाकूळ घातला होता... आणि त्यात माझं लग्न अडकलं होतं.

स्थळ खुटबावचं, मुलगा रांजणगावला कंपनीत. बघण्याचा कार्यक्रम झाला होता आणि मला तो आवडलाही होता. राहिली होती फक्त चौकशी, आणि ती आमच्याकडे कंपनीच्या गेटवर होते. मामा शिफ्ट सुटताना तिथे गेले, चार जणांना चहा पाजला आणि तोंड पाडून परत आले.

"पोराला मधी कामावरनं काढून घरी बसवला व्हता काही दिस. मिसबिहेव्ह केलं म्हणत्यात."

म्हणजे काय केलं? ते गेटवर कुणालाच सांगता आलं नव्हतं. आईच्या मते बाईची भानगड, आप्पांच्या मते दारू, मामांच्या मते मारामारी... मी तर रोज नवीनच काहीतरी धरून बसायचे.

शेवटी कॉलेजच्या इंग्रजीच्या मॅडमना गाठलं. त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली. 'बिहेव्ह'च्या पोटात 'हॅव' आहे म्हणाल्या, म्हणजे स्वतःला धरून असणं, सांभाळणं. 'मिस' लागलं की ते चुकलं. पण काय केलं, कुणाशी केलं, हे त्या शब्दात नाहीच म्हणे... झालं! मी आणखीच गोंधळले.

आप्पा नकार कळवायला निघाले. मी अडून बसले, की आधी मला त्यालाच विचारू दे. आप्पा चिडले, पण मामांनी मुलाला निरोप धाडला आणि दोन दिवसांनी मला शिरूरच्या एसटी स्टँडवर नेलं. तिथे त्यांच्या देखत मी मुलाला सरळ विचारलं.

तो म्हणाला, "सायबाला उलटं बोललो व्हतो. आन् ते आलं तवा खुर्चीवरनं उठलोबी नव्हतो. यातल्या कशाला मिसबिहेव्ह म्हणलं, मलाबी म्हाईत न्हाई."

मामांना हे उत्तर अजिबात पटलं नाही. मला मात्र एकदम हायसं वाटलं. आमच्या घरात ज्याला त्याला खात्री होती आणि हा स्वतःच माहीत नाही म्हणत होता... काहीतरी गोड रचून सांगणं किती सोपं होतं त्याला! घरी येऊन मी होकार दिला.

लग्नाला वीसच्या वर वर्षं झाली. कंपनीत तेव्हा ह्यांचं नेमकं काय चुकलं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पण तेव्हा न विचारताच नकार गेला असता तर हा संसार झालाच नसता. उत्तर पटलं नाही तरी मला विचारू दिलं, हे मामांचे उपकार मी विसरणार नाही.