कोळीवाडा दाखवणाऱ्या बायकांच्या सबनीसबाई

मालतीबाई सबनीस यांची आणि माझी पहिली भेट प्रभादेवीला त्यांच्याच घरी झाली. निरोप आला तेव्हा वाटलं, माझं एखादं पुस्तक त्यांना आवडलं असावं. बाईंनी चहा पुढे केला. म्हणाल्या, "तुम्ही फार तिरकं बोलता असं ऐकलंय. मला तसाच माणूस हवाय."

दादरच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी वरळी कोळीवाड्यातल्या बायकांना वाटाड्याचं काम शिकवायला घेतलं होतं. कोळी मुंबईचे मूळ रहिवासी. पण त्यांचा वाडा पाहुण्यांना दाखवी तो सहल कंपनीचा बाहेरचा माणूस, नाकाला रुमाल लावून. ज्यांचं घर त्यांनीच ते दाखवावं, एवढंच बाईंचं म्हणणं. सरावासाठी त्यांना एक खवचट पाहुणा हवा होता. त्या जागेसाठी अख्ख्या मुंबईत त्यांना माझं नाव सुचलं, हा माझा आजवरचा सर्वांत मोठा गौरव.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "एवढ्या वासात तुम्हाला झोप कशी लागते हो?" जयश्री नावाच्या विद्यार्थिनीने मला जी शिवी हासडली, ती या गौरवग्रंथात छापता येणार नाही. बाई रागावल्या नाहीत. "उत्तर बरोबर आहे. आता तेच पाहुण्याला कळेल, पण बोचणार नाही, असं सांग." पुढच्या वेळी जयश्री म्हणाली, "वास आला नाही तर झोप लागत नाही, साहेब. म्हणजे होडी रिकामी आली." मी निरुत्तर झालो. घरी कोणाचा विश्वास बसला नाही.

कंपनीने चाचणी म्हणून एक फेरी दिली. जमली तर काम या बायकांचं; नाहीतर तो रुमालवालाच कायम. पाहुणे पुण्याचे होते. जयश्रीने सुरुवात झकास केली. पण पहिल्याच वळणावर तिच्या चुलतसासूबाई हिराबाई आडव्या आल्या. "दारावरनं उपाशी धाडू काय पाव्हण्यांना?" ओटीवर तळलेले बोंबील आले. ते शेजारणीने पाहिलं. "तिच्याकडं खाल्लं, मग आमच्या घरात काय काटे हायत?" तिसऱ्या ओटीवर एक गृहस्थ पट्टा सैल करून चक्क लवंडले. धक्का, होड्या, जाळी, सगळं राहिलं.

कंपनीचे साहेब बाईंना म्हणाले, "मॅडम, बोलायचं काम आमच्या माणसाकडेच राहू दे. ह्या लेडीजनी फक्त साड्या नेसून दोन मिनिटं नाचायचं."

जयश्रीचा चेहरा उतरला. मी चार खरमरीत वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात बाईंनी गोड बोलून आणखी एक फेरी पदरात पाडूनही घेतली. मग बायकांना विचारलं, "लग्नात सगळ्या वाड्याला पाहुण्यांना जेवू घालायचं असतं, तेव्हा काय करता?"

"तेवा काय, मांडव एक," हिराबाई म्हणाल्या. "ज्याच्या त्याच्या घरातनं टोप येतो."

"मग इथे का नाही?"

हिराबाईंनी शेजारणीकडे पाहिलं. "माझा टोप मोठा असंल," एवढी अट घालून त्या तयार झाल्या.

दुसऱ्या फेरीत पाहुण्यांनी आधी धक्का पाहिला, जाळी हाताळली आणि शेवटी सगळे एका मांडवात जेवायला बसले. साहेबांचा हेका मात्र सुटला नव्हता. "चला, आता जरा डान्स होऊन जाऊ दे!"

सगळ्या बायका बाईंकडे पाहू लागल्या. बाई भाकरी मोडण्यात गुंग. शेवटी जयश्रीच उठली. "साहेब, आमच्यात नाच हळदीला असतो. पुढल्या महिन्यात माझ्या दिराची हळद आहे, नक्की या. तुम्हालाही नाचवू."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब कसेबसे हसले, आणि काम बायकांना मिळालं. साहेब हळदीला खरोखरच आले आणि अतिशय वाईट नाचले.

आज बाई पंचाहत्तरीच्या आहेत आणि नव्या मुलींना जयश्री शिकवते. परवा एक नवी मुलगी पाहुण्यांसमोर मधेच अडखळली. बाईंनी सवयीने तोंड उघडलं, तोच जयश्री कडाडली, "बाई, मधे बोलायचं नाही! तिचं तिला सांगू दे."

अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणाऱ्या बाई मुकाट्याने तोंड मिटून बसल्या. त्या इतक्या खूश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. बाईंचे गुडघे कुरकुर न करोत, दात निदान बोंबलापुरते शाबूत राहोत, आणि त्यांना हक्काने गप्प बसवणाऱ्या मुली कोळीवाड्यात दरवर्षी तयार होवोत. ते सुख भोगायला बाईंना शंभर वर्षंही अपुरी पडोत!