गोदामातली आजारी मांजर

नवरा गेल्यावर महिन्याभराने मी दापोड्याच्या गोदामात पुन्हा ड्युटीवर जाऊ लागले. तिथली एक भटकी मांजर खाणं सोडून कोपऱ्यात पडून होती. तिचे डोळे पुवाने चिकटले होते. जेवणाच्या सुट्टीत मी तिला पिशवीत घातलं आणि रिक्षाने गुरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं, डोळे पुसले.

“तुमची आहे का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय.”

“मग डोळ्यांत रोज औषध कोण घालणार?”

“मीच घालीन.”

मी रोज घातलं. हळूहळू ती बरी झाली, खायला लागली. सोबतच्या बायका खूश झाल्या. एकीने विचारलं, “बरं वाटलं ना गं तुला?” मी मान हलवली. खरं तर तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं.