शिंपल्यांचं पाणी

शिंपल्यावाली तोंडाची फटकळ. खडकावरच्या शिंपल्या खरवडायच्या, घासायच्या, उकडून विकायच्या, यातच तिचं उभं आयुष्य गेलं. समुद्रात विषारी शेवाळ आलंय, शिंपल्या काढू नका, असं बंदरावरचे लोक घसा फोडून सांगत होते. ही म्हणाली, "त्यांचं काय जातंय! रटरटून उकळलं की कुठलं विष टिकतंय?"

तरी विकायला तिचं मन धजावलं नाही, एवढं मात्र खरं. घरच्यापुरत्या आणल्या. नवरा नुकताच आजारातून उठलेला, मूत्रपिंडं थकलेली, तोंडाला चव नाही. सगळं सत्त्व पाण्यात उतरतं म्हणून उकडलेलं पाणी तिने त्याला वाडगाभर पाजलं. विषही पाण्यातच उतरलं होतं, आणि उकळल्याने त्याचं काहीएक बिघडलं नव्हतं. थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता आलं नाही. आधी उलट्या झाल्या, मग झटके. हॉस्पिटलात नेईपर्यंत झटक्यांनी माणूस लाकडासारखा ताठ.

झटके थांबल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. "हे विष मेंदूतल्या पेशींना नुसतं हाकत सुटतं, थांबूच देत नाही. पेशी राबराब राबतात. आतलं इंधन संपतं, ते तयार करणारी यंत्रणाच बंद पडते."

"मग साखरपाणी देऊ का?"

"रक्तात साखर भरपूर आहे हो. पण जाळायची ताकदच उरली नाही. भरल्या ताटावर उपाशी मेल्या त्या पेशी. नवीन आठवण ठेवायची जागाच ती, ती गेली. आता घडलेलं ते घडीभरात विसरतील. जुनं सगळं आठवेल."

घरी आल्यावर तिला राहवेना. कधी एकदा सांगते असं झालं होतं. तिने त्याचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

"अगं वेडे, तू का मुद्दाम केलंस?" त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती हलकं वाटलं तिला! पदराने डोळे पुसतेय तोच त्याने विचारलं, "का रडतेस गं?"

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी तो भडकला. "लोक ओरडून सांगत होते ना? स्वतःची अक्कल पाजळायला मीच सापडलो? चालती हो!"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्याचा राग उतरला, म्हणजे विसरला. माफ करणारा नवरा खरा की हाकलणारा, हे आता कुणाला विचारणार? मेली अक्कल!

"अगं, डोळे का लाल झालेत?" त्याने मायेने विचारलं.

"काही नाही, कांदा चिरला," ती म्हणाली आणि त्याचं पांघरूण नीट केलं.